थिबाराजाची टूटू

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीच्या वर थिबा पॅलेस उभा आहे. येणारा-जाणारा लाल भिंती आणि अर्धगोल खिडक्यांचे फोटो काढतो. आमच्या आजीला त्या खिडक्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. तिच्या गोष्टीत राजवाडा नुसता मागे असायचा. पुढे असायचा गोपाळ सावंत.

पुस्तकातली हकिगत वेगळी. 1885 साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या मंडालेतल्या दरबाराने बॉम्बे बर्मा कंपनीला सागवान चोरल्याबद्दल 23 लाखांचा दंड केला. राज्य घ्यायला इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं. राजा दुष्ट आहे हा डांगोरा आधीच पिटून झाला होता. त्यातलं सगळंच खोटं नव्हतं. 1879 मध्ये राजघराण्यातल्या कितीतरी जणांची कत्तल झाली, ती त्याच्याच कारकिर्दीत. पण राज्य गेलं ते लाकडापायी. 1886 मध्ये थिबा हद्दपार होऊन रत्नागिरीत आला. चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर 1910 मध्ये हा वाडा मिळाला, आणि गंमत बघा, त्यातही ब्रह्मदेशी सागवानच.

1916 मध्ये राजा गेला. देह मायदेशी न्यायचा म्हणून राणी हटून बसली, सरकार ऐकेना. अखेर 1919 मध्ये त्याला इथेच पुरलं आणि कुटुंब ब्रह्मदेशी परतलं.

थोरली राजकन्या मात्र माघारी आली. इथे आजीचा आवाज उतरायचा. "दारावरचा पहारेकरी गो, तोही बायकोमुलांचा!" गोपाळपासून तिला 1906 मध्ये मुलगी झाली होती, टूटू. राजकन्या खुळी की गोपाळ लबाड, यावर आजी आणि तिच्या जावेचं कधीच जमलं नाही. लेकीला मात्र कुणी बोल लावला नाही. टूटू पवारांच्या घरात पडली, बायसू झाली, मराठीत संसार केला. "राजाची नात, पण शेणात हात घालून गोवऱ्या थापायची," हे आजी ज्या सुरात सांगे त्यात कीव कमी, आपलेपणा जास्त. मला आख्ख्या वाड्यापेक्षा हा सूर मोलाचा वाटतो.

टूटू 2000 साली वारली. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला येऊन गेले. पेपरात फोटो आला. आत्याने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि पेपर माझ्याकडे सरकवला. "यायचं होतं तर बायसू असताना यायचं. चहा तरी पाजला असता तिने."