आधी ऐका, मग बोला: रेडिओच्या एका अरुंद पट्ट्याचा इतिहास

१/ जालना म्हटले की पोलाद, बियाणे आणि मोसंबी आठवते. पण याच जालन्यात केंद्र सरकारचे एक असे केंद्र आहे, ज्याचे मुख्य काम 'ऐकणे' हे आहे: आंतरराष्ट्रीय उपग्रह देखरेख भूकेंद्र. उपग्रह नेमून दिलेल्या वारंवारतेवरच बोलतात ना, एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही ना, हे तेथे तपासले जाते. केवळ ऐकण्यासाठी सरकारला केंद्र का उभारावे लागावे? हा धागा त्या प्रश्नाचा.

२/ जमिनीला बांध घालता येतो, रेडिओ तरंगांना नाही. दोन केंद्रे एकाच वारंवारतेवर एकाच वेळी बोलू लागली, तर बहुधा दोघांचेही नीट ऐकू येत नाही. म्हणून रेडिओचा इतिहास हा यंत्रांइतकाच वाटणीचाही इतिहास आहे.

३/ एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले आणि आकाशातील गोंधळाकडे सरकारांचे लक्ष गेले. संदेशांत व्यत्यय आणल्याचे खापर हौशी रेडिओचालकांवरही फुटले. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून त्यांना २०० मीटर व त्याहून आखूड तरंगांवर पाठवले. हे तरंग निरुपयोगी, अशीच तेव्हाची समजूत होती.

४/ घडले उलटेच. नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे १०० मीटर तरंगलांबीवर फ्रान्स आणि अमेरिकेतील हौशींनी अटलांटिकपार परस्परसंवाद साधला. वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतणारे हे आखूड तरंग हजारो किलोमीटर जात होते. टाकाऊ ठरवलेली जागा आता सर्वांनाच हवी झाली. १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेने हौशींसाठी काही पट्टे राखले. त्यांतील एक ४० मीटरचा: ७००० ते ७३०० किलोहर्ट्झ.

५/ भारतात १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस हे पहिले परवानाधारक हौशी ठरले. १९३३च्या कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणेही गुन्हा झाले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशींचे परवाने काढून घेण्यात आले आणि देशातील हौशी पट्टे मुके झाले.

६/ या शांततेत ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईतून एक आवाज उमटला: भूमिगत काँग्रेस रेडिओ. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी 'भारतात कुठूनतरी' बोलत होते. तरंगलांबी ४२.३४ मीटर. पकडले जाऊ नये म्हणून प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलली जाई.

७/ आता थोडे गणित. प्रकाशाच्या वेगाला ४२.३४ मीटरने भागले की येतात सुमारे ७०८१ किलोहर्ट्झ. म्हणजे स्वातंत्र्यलढ्याचा हा आवाज हौशींच्याच ४० मीटर पट्ट्यात घुमत होता. ज्यांचा तो पट्टा होता त्यांना गप्प केले गेले होते. जे बोलत होते त्यांना परवाना मिळणे अशक्य होते.

८/ श्रोत्यांसोबत पोलिसही ऐकत होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांनी ती येरवड्यात भोगली. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थबकावे लागते: त्या प्रक्षेपणांतील बराच मजकूर आज वाचता येतो, तो पोलिसांनी ऐकून टिपलेल्या नोंदींमुळे. गळा आवळण्यासाठी केलेले ऐकणेच पुढे साधन-पुरावा झाले.

९/ स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये बिनतारी देखरेख संघटना स्थापन झाली. जालन्याचे भूकेंद्र तिचाच भाग. रोख बदलला: कोण काय बोलतो यापेक्षा, कोण कोणाच्या जागेवर बोलतो, हे ऐकायचे.

१०/ हौशींची जागा मात्र आक्रसत गेली. १९३८च्या कैरो परिषदेने अमेरिका खंडांबाहेर ४० मीटर पट्ट्यात प्रसारण केंद्रांना शिरकाव दिला. १९५९च्या जिनिव्हा परिषदेनंतर आशिया-युरोपातील हौशींकडे उरले ७००० ते ७१००, अवघे १०० किलोहर्ट्झ. जुन्या पद्धतीच्या एका बोलण्याला सुमारे ६ किलोहर्ट्झ लागत, म्हणजे एका वेळी सोळा संभाषणे. सिंगल साइडबँड पद्धतीत सुमारे ३ लागतात, म्हणजे तेहतीस. मोर्स त्याहून कितीतरी कमी जागेत मावतो.

११/ एवढ्या जागेत देशोदेशीचे हौशी कसे नांदले? पहिला नियम: आधी ऐका. दुसरा: शांतता वाटली तरी विचारा, 'ही वारंवारता वापरात आहे का?' कारण आखूड तरंग मधला प्रदेश ओलांडून दूर उतरतात. बोलणारा तुमच्या त्या मूक प्रदेशात असेल, तर तो तुम्हाला ऐकू येणार नाही. त्याचे ऐकणारा मात्र तुम्हाला उत्तर देऊ शकेल. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून कोणी बोलतच नाही, असे नसते.

१२/ तिसरा नियम: गरजेपुरतीच शक्ती वापरा. त्याचे उत्तम उदाहरण भारताचाच हॅमसॅट. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या या छोट्या उपग्रहावर हौशींसाठी केवळ ६० किलोहर्ट्झ रुंदीचा मार्ग होता आणि प्रक्षेपणशक्ती सुमारे १ वॅट, तीही सर्वांत वाटलेली. एकाने जमिनीवरून जोर लावला, की बाकी सगळ्यांचे आवाज क्षीण होत. २०१४ पर्यंत हा उपग्रह चालला, तो वापरणाऱ्यांच्या संयमाच्या भरवशावर.

१३/ २००३च्या जागतिक परिषदेने ७१०० ते ७२०० हा भाग हौशींना परत देऊ केला आणि प्रसारण केंद्रांना तो सोडण्यासाठी २९ मार्च २००९ ही मुदत दिली. वाटणी अशी पुन्हा पुन्हा मांडली जाते, आणि कागदावरची वाटणी प्रत्यक्षात टिकते की नाही, हे कोणीतरी ऐकून तपासावेच लागते. अरुंद पट्ट्यात ते काम प्रत्येक हौशी बोलण्यापूर्वी करतो; उपग्रहांसाठी ते जालन्यात चालते.