मत्स्यविनोद आणि भीमेचे खोरे

हिंदुस्थानातील गळाच्या शौकाचा इतिहास बहुधा इंग्रजांच्या ट्राउट माशापासून सांगितला जातो. निलगिरीत १८६३ पासून तो रुजविण्याचे प्रयत्न झाले; काश्मिरात तो १९०० साली पोहोचला. थंड पाण्याचा हा मासा करकंबकडील तळ्यात एक उन्हाळाही काढणार नाही. परंतु एवढ्यावरून या प्रदेशास त्या इतिहासात स्थान नाही, असे मानणे चूक होय.

हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली होता. त्यांपैकी तिसरा सोमेश्वर (११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लासा’त, राजाच्या करमणुकींमध्ये, मत्स्यविनोदास स्वतंत्र प्रकरण दिले आहे. खवल्यांचे व बिनखवल्यांचे, नदीचे व समुद्राचे असे माशांचे भेद करून कोणत्या जातीस कोणते खाद्य घालावे, हे राजा तपशिलाने सांगतो. इतके बारकावे केवळ पंडितास सुचणारे नव्हेत; त्यांमागे नदीकाठच्या धीवरांचे ज्ञान असले पाहिजे. डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लिहिले. त्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ पुढे यावा लागला, हे आम्हा इतिहासाभ्यासकांस फारसे भूषणावह नाही.

सोमेश्वराने दिलेली मत्स्यनामे भीमाकाठच्या कोळ्यांच्या बोलीशी ताडून पाहावयास हवीत. १९८० साली उजनी धरण पुरे झाल्यापासून नदीचे रूप पालटले आहे. जुनी नावे सांगणारी माणसेही थकत चालली आहेत.