घोडी जिंकत होती आणि भाव होता २९

आजची गोष्ट एका शर्यतीपासून सुरू करतो.

२८ डिसेंबर २०११. आयर्लंड, डब्लिनजवळचं लेपर्ड्सटाउन रेसकोर्स. ख्रिसमस हर्डल नावाची शर्यत चालू आहे आणि व्होलेर ला व्हेदेत ही घोडी पुढे निघालीय. जिंकणार हे डोळ्यांना दिसतंय. अशा वेळी भाव कोसळतो, म्हणजे तुम्ही शंभर पौंड लावले तर वर जेमतेम चार-पाच पौंड सुटतात. पण बेटफेअर या साइटवर कुणीतरी तिच्यावर चक्क २९ चा भाव देत होतं. एक पौंड लावा, एकोणतीस परत घ्या! आणि त्या भावाला उपलब्ध रक्कम दिसत होती २ कोटी १० लाख पौंडांहून जास्त. ती सगळी उचलली गेली आणि घोडी जिंकली, तर भाव देणाऱ्याला जवळजवळ ५९ कोटी पौंड मोजावे लागणार होते.

घोडी जिंकली.

भाव देणारा कोण होता? एक प्रोग्रॅम. कुणा ग्राहकाचा बॉट. आणि त्या ग्राहकाच्या खात्यात हजार पौंडसुद्धा नव्हते.

हे झालं कसं, ते समजायला अकरा वर्षं मागे जाऊ. जून २०००, लंडन. अँड्र्यू ब्लॅक नावाचा प्रोग्रॅमर आणि जेपी मॉर्गन बँकेतून आलेला एडवर्ड रे हे दोघं बेटफेअर सुरू करतात. गंमत म्हणजे या ब्लॅकचे आजोबा, सर सिरिल ब्लॅक, खासदार होते आणि जुगाराचे कट्टर विरोधक! उद्घाटनाला या लोकांनी लंडनच्या रस्त्यावरून खोटी अंत्ययात्रा काढली होती. मेला कोण? तर बुकी.

कल्पना अशी होती की बुकी मधे नकोच. शेअर बाजारात कसं एका बाजूला घेणारे, दुसऱ्या बाजूला विकणारे असतात, तसंच इथे. घोडा जिंकेल म्हणणारा ‘बॅक’ करतो, जिंकणार नाही म्हणणारा ‘ले’ करतो. आपल्याकडच्या सट्ट्याच्या भाषेत हीच लगाई आणि खाई. फरक एवढाच, की खाण्याचा अधिकार आधी फक्त बुकीला होता, तो इथे प्रत्येकाला मिळाला. कंपनी फक्त जिंकलेल्या रकमेवर कमिशन घेणार. त्याच सुमारास फ्लटर नावाची, कितीतरी जास्त भांडवल असलेली स्पर्धक साइट आली होती. पण तिथे एकेका माणसाची पैज दुसऱ्या एकेका माणसाने स्वीकारायची पद्धत होती. बेटफेअरने सगळ्यांचे पैसे भावानुसार एका रांगेत लावले. शेवटी दोन वर्षांच्या आत फ्लटर बेटफेअरमध्येच विलीन झाली.

(मधेच सांगून टाकतो, ही ब्रिटन-आयर्लंडची गोष्ट आहे. भारतात पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने सरसकट बंदी आलीय. ‘आयडी बनवून देतो’ म्हणणाऱ्या टेलिग्रामवाल्यांचा या एपिसोडशी काही संबंध नाही, आणि तुमचाही त्यांच्याशी नसावा.)

आता दोन्ही बाजूंनी खेळता येतं म्हटल्यावर एक वेगळीच जमात तयार झाली. यांना घोड्याशी देणंघेणं नाही, फक्त भावाशी. बघा, तुम्ही ४.० च्या भावाने १० पौंड बॅक केले. थोड्या वेळाने भाव ३.२ झाला. आता १२.५० पौंड ले करा. घोडा जिंकला तर बॅकचे ३० येतात आणि लेचे साडेसत्तावीस जातात. हरला तर दहा जातात, साडेबारा येतात. कसंही झालं तरी अडीच पौंड तुमचे, त्यातून कमिशन वजा. शर्यत सुरू व्हायच्या आधीच काम संपलं! अर्थात भाव उलटा गेला तर तसाच दोन्हीकडून तोटा, हे कुणी पटकन सांगत नाही.

पण हे वेबसाइटवर माउसने करायला जाल तर भाव निसटतो. म्हणून सॉफ्टवेअर. सुरुवातीच्या काळात लोक वेबपानावरचे आकडेच प्रोग्रॅमने खरवडून काढायचे. मग काही वर्षांत कंपनीने एपीआय उघडला, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना भाव वाचायला आणि पैज लावायला अधिकृत दार. त्या दारातून पैसे घेऊन विकलेली साधनं आली, फुकट वाटलेली आली, आणि हौशी पोरांनी रात्री बसून लिहिलेली असंख्य छोटी कोडं आली.

इथे मराठीत एक सोय आहे. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि मग समजावत बसतात. आपल्याकडे दोन शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. फुकट म्हणजे पैसे नाहीत, पण कोड बंद. मुक्त म्हणजे कोड उघडा, तुम्ही बदलू शकता. हा फरक पुढे महागात पडला, त्यावर येतो.

आधी प्रश्न हा, की पैसे कमवायचं यंत्र कुणी वाटेल कशाला? उत्तर कोड उघडून बघितलं की कळतं. वाटलेलं असतं ते यंत्र नव्हे, नळजोडणी. उदाहरण देतो. बेटफेअरवर भाव १.०१ पासून १००० पर्यंत असतो, पण मधले सगळे आकडे चालत नाहीत. दोनपर्यंत पायरी ०.०१ ची, दोन ते तीन ०.०२ ची, तीन ते चार ०.०५ ची, चार ते सहा ०.१ ची, आणि पुढे वाढत जाते. म्हणजे ३.०७ भाव पाठवला की पैज नाकारली जाते. शिवाय कॉम्प्युटरला ०.१ अधिक ०.२ बरोब्बर ०.३ येत नाही हे प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना माहीत आहेच. लॉगिन टिकवणं, तुटलेलं कनेक्शन जोडणं, अर्धवट लागलेली पैज ओळखणं, हे कंटाळवाणं काम प्रत्येकाला करावंच लागतं, आणि त्यात कुणाचंच गुपित नसतं. म्हणून ते एकदा नीट करून सगळ्यांनी वापरावं हे शहाणपणाचं. नेमका कधी बॅक करायचा, तो नियम मात्र कुणी वाटत नाही. वाटला की शंभर बॉट एकाच भावावर धावतात आणि नफा संपतो. गिटहबवर ‘हमखास जिंकणारा बॉट’ दिसला तर त्याचा अर्थ काय, ते तुम्हीच ओळखा.

ज्यांना नियम सापडले त्यांनाही कंपनीने सोडलं नाही. २००८ मध्ये प्रीमियम चार्ज आला, सातत्याने जिंकणाऱ्यांच्या नफ्यातून २० टक्क्यांपर्यंत. २०११ मध्ये सर्वांत मोठ्या विजेत्यांसाठी तो ६० टक्क्यांपर्यंत गेला. बुकीची अंत्ययात्रा काढलेल्यांनी ही वेळ आणावी, हे मला आजही खटकतं.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी ती घोडी.

नियम असा, की खात्यात जेवढे पैसे, तेवढाच धोका घेता येतो. ही तपासणी एक्स्चेंजच्या बाजूला होते. कंपनीने नंतर सांगितलं, की त्यांच्या मुख्य डेटाबेसमधल्या तांत्रिक बिघाडामुळे बॉटची एक पैज या तपासणीतून निसटली. शर्यत चालू असताना लागलेल्या सगळ्या पैजा रद्द झाल्या, आणि २९ च्या भावाने लावून नाचणाऱ्यांच्या हाती फक्त आपापली मूळ रक्कम उरली. आरडाओरडा प्रचंड झाला. प्रोग्रॅमर मंडळी मात्र दुसराच आकडा मोजत होती. अधिक-उणे चिन्ह धरून ३२ बिटांच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या २१४,७४,८३,६४७. तेवढे पेन्स म्हणजे २ कोटी १४ लाख पौंड! आता आठवा पडद्यावर किती दिसत होते. हा तर्क आहे, कंपनीचं निवेदन नव्हे, पण कुठेतरी उणे गेलेला आकडा उलटा फिरला असावा असं मलाही वाटतं.

पुढचा धक्का शांतपणे आला. २०१३ मध्ये कंपनीने नवा एपीआय आणला आणि २०१४ मध्ये जुना बंद केला. जुन्या दारावर उभे असलेले सगळे प्रोग्रॅम तिथेच थांबले. ज्यांचे लेखक जागेवर होते, ते सावरले. जे फुकट होते पण मुक्त नव्हते आणि ज्यांचा लेखक गायब होता, ते मेले. वापरणारा कितीही हुशार असला तरी कोडच हातात नाही, तर करणार काय? नव्या दाराच्या किल्ल्याही दोन. उशिराने भाव दाखवणारी फुकट, ताजे भाव दाखवणारी काहीशे पौंड भरून.

नंतरच्या काही वर्षांत पायथनमध्ये बेटफेअरलाइटवेट ही लायब्ररी आली आणि तिच्यावर उभं राहिलेलं फ्लुमिन. दोन्ही एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे मूळ लेखक उद्या सोडून गेला तरी दुसरा कुणी पुढे चालवू शकतो. फ्लुमिनमध्ये जुन्या शर्यतींचा डेटा घालून, एक पैसाही न लावता, नियम तपासता येतो. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत उपयोगी भाग हाच, कारण बहुतेकांचा नियम तिथेच हरतो.

आणि त्याच कोडमध्ये एक छोटी फाइल आहे, ट्रेडिंग कंट्रोलची. भाव पायरीवर बसतो का, एका घोड्यावर एकूण किती धोका झालाय, हे ती बघते. मर्यादा तुम्ही ठरवायची. ओलांडली की ऑर्डर तुमच्याच मशीनवर अडते, एक्स्चेंजपर्यंत पोचतच नाही.