थेट सरपंच निवडणूक : वज्रेश्वरी परिसर

गावातील सर्व मतदारांनी स्वतंत्र मत देऊन सरपंच निवडण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती जुलै 2017 मध्ये अध्यादेशाने आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि जुलै 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. एरवी प्रभागातून निवडून आलेले सदस्य आपल्यातून एकाला सरपंच करतात. थेट पद्धतीत सदस्य आणि सरपंच यांना वेगवेगळी मते दिली जातात. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी आणि तानसा नदीकाठची गावे समोर ठेवून ही नोंद लिहिली आहे. नुसती ओळखपाळख न सांगता गावासाठी आराखडा मांडणाऱ्या उमेदवाराला मतदार कसा तोलतो, हा तिचा मुख्य विषय आहे.

वज्रेश्वरी हे देवीचे आणि गरम पाण्याच्या कुंडांचे गाव. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि 1739 मध्ये किल्ला हाती आल्यावर वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकरवी देऊळ बांधून घेतले, असा इतिहास सांगितला जातो. देऊळ उंचावर आहे आणि त्याला 52 पायऱ्या आहेत. शेजारी अकलोली आणि गणेशपुरी. शिरसाड फाट्यावरून अंबाडीकडे जाणारा रस्ता याच गावांतून जातो. नवरात्रात आणि चैत्र अमावास्येच्या यात्रेत इथे येणाऱ्यांची संख्या राहणाऱ्यांच्या कितीतरी पट होते. वरच्या अंगाला शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे. त्याचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते.

1985 च्या अनुसूचित क्षेत्र आदेशात भिवंडी तालुक्यातील 72 गावे आहेत आणि त्यांत वडवली-वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी यांची नावे आहेत. 1996 च्या पेसा कायद्यानुसार संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येणाऱ्या ग्रामपंचायतीचे सरपंचपद अनुसूचित जमातीच्या व्यक्तीकडेच असते. अशा पदांपैकी निम्मी महिलांसाठी राखीव असतात. या भागात वारली, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर समाज आहेत; आगरी आणि कुणबीही मोठ्या संख्येने आहेत. सरपंचपदाचा उमेदवार आदिवासी असला, तरी मत सगळ्या गावाचे लागते. म्हणून एखाद्या पाड्यावरची बाई उभी राहिली, तर तिला बाजारपेठेतल्या दुकानदारालाही पटेल असे काही बोलावेच लागते. आराखड्याची गरज इथूनच सुरू होते.

2017 च्या दुरुस्तीने आणखी काही गोष्टी बदलल्या. 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेल्या उमेदवाराला किमान सातवी उत्तीर्ण असण्याची अट आली. थेट निवडलेल्या सरपंचाला पहिली दोन वर्षे अविश्वास ठरावापासून संरक्षण मिळाले. त्यानंतर सदस्यांनी ठराव केला, तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. 2020 मध्ये महाविकास आघाडी सरकारने ही पद्धत काढायचे ठरवले, तेव्हा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी अध्यादेशावर सही केली नाही. मग विधेयक आणून ती रद्द करण्यात आली. 2022 मध्ये सरकार बदलताच ती परतली. पाच वर्षांत दोनदा फिरलेल्या या नियमाने गावोगावच्या इच्छुकांची गणिते उलटीपालटी झाली. सदस्यांमधून सरपंच निवडताना चार-पाच जणांची जुळवाजुळव पुरत होती. आता प्रत्येक आळीत आणि प्रत्येक पाड्यावर जावे लागते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. पक्ष पाठीमागे असतात, पण मतयंत्रावर छत्री, कपबशी, शिट्टी अशी मुक्त चिन्हे दिसतात. गावात पक्षाच्या तिकिटाऐवजी ‘पॅनल’ असते आणि त्या पॅनलचा सरपंचपदाचा उमेदवार कोण, हे अर्ज भरण्याआधी एखाद्या ओट्यावर, भावकीच्या बैठकीत किंवा पाड्याच्या बैठकीत ठरते. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदारांची ‘प्रायमरी’ निवडणूक होते. आपल्याकडे तिचे काम ही बैठक करते, पण तिथे मतदारयादी नसते आणि बायकांचा आवाज फार कमी असतो. माझ्या मते थेट निवडणुकीतली सर्वांत कच्ची जागा हीच. चांगला आराखडा घेऊन आलेली व्यक्ती मतदारांपुढे येण्याआधीच इथे गळू शकते. बैठकीचे सर्वांत वाईट रूप 2021 च्या जानेवारीत दिसले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचे आढळल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. बोलीतला पैसा देवळासाठी आहे, असे सांगितले गेले तरी मत देण्याचा हक्क त्यात विकला जात होता.

वज्रेश्वरीसारख्या गावात आराखडा म्हणजे काय, ते नीट पाहायला हवे. रस्ता करू, गटार करू, दिवे लावू हे सगळेच म्हणतात. खरा पेच वेगळा आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा (2021-26) निधी मुख्यतः 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्येवर मिळतो. यात्रेला येणारा माणूस त्या जनगणनेत नाही. तो पाणी पितो, कचरा टाकतो, शौचालय वापरतो, गाडी लावतो. त्याच्यासाठी निधीत एक रुपयाही धरलेला नसतो. शिवाय या निधीतला 60 टक्के भाग बंधित असतो : निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेल्या 40 टक्क्यांत बाकी सगळे बसवायचे आणि त्यातून कोणाचा पगार देता येत नाही. म्हणजे यात्रेनंतर रस्ता झाडणाऱ्या माणसाचा पगार गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून, घरपट्टी-पाणीपट्टीतून, द्यायचा.

हे ज्याला कळते तो उमेदवार वेगळे बोलतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 मध्ये यात्राकराची आणि जत्रा-उत्सवांवरील कराची तरतूद आहे. तो लावायचा का, कोणावर, किती, वसूल कोण करणार? लॉज आणि हॉटेलांची कर आकारणी खरोखरच्या बांधकामावर आहे की जुन्या नोंदीवर? कुंडांभोवतीची स्वच्छता पंचायतीने करायची की त्यातला वाटा देवस्थानाने आणि व्यावसायिकांनी उचलायचा? अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या रकमेतील 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो पाड्यांवरच खर्च होईल ना, की बाजारपेठेच्या गटारात जाईल? या शेवटच्या प्रश्नावर पाडा आणि पेठ यांचे हित सरळ एकमेकांसमोर येते. दोघांनाही खूश करणारे उत्तर त्याला नाही. जो उमेदवार आपले उत्तर आधीच सांगतो, तो काही मते गमावायची तयारी ठेवूनच सांगतो, आणि म्हणून त्याचे बोलणे ऐकण्याजोगे असते.

मतदार अशा उमेदवाराला कोणत्या प्रश्नांनी तोलतो? पहिला प्रश्न नात्याचा असतो आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मध्यरात्री दवाखान्यात न्यायला गाडी कोण देते, दाखल्यासाठी तालुक्याला कोण येते, हे गावाला आठवते. दुसरा प्रश्न : ‘पैसे कुठून आणणार?’ या प्रश्नाला गावात जितके वजन आहे तितके मोठ्या निवडणुकांत नसते. पंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे येतो, नळाला पाणी किती वाजता येते ते घरातली बाई सांगू शकते, मागच्या पाच वर्षांत कोणत्या पाड्याचा रस्ता अर्धा राहिला ते पायांना ठाऊक असते. राज्याचा अर्थसंकल्प मतदाराला वाचता येत नाही, गावाचा वाचता येतो. तिसरा प्रश्न उमेदवाराला घातक ठरतो : ‘बोलतोय बरोबर, पण निवडून येईल का?’

हा तिसरा प्रश्न जगभर विचारला जातो. अमेरिकेत 2020 साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत एलिझाबेथ वॉरन यांनी जवळपास प्रत्येक प्रश्नावर लेखी योजना मांडली. योजना हीच त्यांची ओळख झाली. योजना आवडणाऱ्या कित्येकांना ट्रम्प यांना त्या हरवू शकतील का, याची चिंता होती. आयोवात त्या तिसऱ्या आल्या, स्वतःच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातही तिसऱ्याच, आणि 5 मार्च 2020 रोजी त्यांनी माघार घेतली.

आपल्याकडचे याहून बोलके उदाहरण रायगडच्या मातीतले आहे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. केंद्रीय अर्थमंत्री असताना त्यांच्या काळात स्टेट बँक उभी राहिली, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. धोरण हेच ज्याचे आयुष्य, असा हा माणूस 1969 मध्ये राष्ट्रपतिपदासाठी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर उभा राहिला. तिथले मतदार खासदार आणि आमदार होते. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना 4,01,515, नीलम संजीव रेड्डी यांना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 इतक्या मूल्याची मते पडली. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी 4,20,077 वर आणि रेड्डी 4,05,427 वर पोचले. म्हणजे देशमुखांना मत देणाऱ्याचे मत वाया गेले नाही; मतपत्रिकेवरचा दुसरा आकडा निकालात उतरला. सरपंचाच्या निवडणुकीत अशी दुसरी पसंती नाही. ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून आला. चौघे उभे असतील, तर एक तृतीयांश मतांवरही. त्यामुळे गावातला मतदार आराखड्याला मान डोलावून शेवटी दोन मोठ्या पॅनलांतल्या एकाकडे वळतो. त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. नियमच त्याला तिकडे ढकलतो.

मुद्दा घेऊन उभे राहणाऱ्याला यश येतच नाही, असे मात्र नाही. वज्रेश्वरीच्या पश्चिमेला वसई तालुका आहे. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि अनेक गावांना तीत जायचे नव्हते. ‘गावे वगळा’ या एका मागणीने तापलेल्या त्या वर्षी श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित वसईतून अपक्ष आमदार झाले. संघटनेने 1982 पासून याच पट्ट्यात वेठबिगार आदिवासींच्या मुक्तीचे काम केले होते. पण 2014 मध्ये तेच मतदार त्यांच्यापासून दूर गेले. मुद्दा एकदा निवडून आणतो, दुसऱ्यांदा मात्र मतदार वेगळा हिशेब मांडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दुसरे टोक दाखवले. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, तेव्हापासून पाणलोट, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान हा गावाचा आराखडाच राहिला. तीस वर्षे निवडणूक बिनविरोध झाली. जानेवारी 2021 मध्ये ती लढवली गेली, तेव्हा त्यांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या. त्याच महिन्यात छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात उलटे घडले. वेळेवर कर भरणाऱ्याला दळण मोफत, ही भास्करराव पेरे पाटील यांची योजना राज्यभर गाजली होती. तिथे त्यांची कन्या निवडणूक हरली. पाटोद्याचा निकाल लोकांनी ‘विकास हरला’ असा सांगितला. मला तो तसा वाटत नाही. योजना एका माणसाची होती, मत दुसऱ्या माणसासाठी मागितले गेले होते, आणि हा फरक गावाला कळत होता.

जिंकल्यावरही आराखड्याची वाट सरळ नसते. थेट निवडलेल्या सरपंचाभोवती 7 ते 17 सदस्य असतात आणि ते दुसऱ्या पॅनलचे असू शकतात. मासिक सभेत ठराव त्यांच्या बहुमताने होतो. मतदार पुष्कळदा सदस्य म्हणून भावकीतला माणूस निवडतो आणि सरपंच म्हणून योजना मांडणारा. दोन्ही मते त्याने मनापासूनच दिलेली असतात. मग अडलेल्या ठरावांनी पहिले वर्ष निघून जाते. प्रचाराच्या पत्रकावर ज्याने सदस्यांची नावेही आपल्याबरोबर छापली होती, त्याला इथे थोडे सोपे जाते. ही पत्रके छापण्यालाही मर्यादा आहे : राज्य निवडणूक आयोगाने 2017 मध्ये सरपंचपदाच्या उमेदवाराची खर्चमर्यादा लहान ग्रामपंचायतीत 50 हजार आणि सर्वांत मोठ्या ग्रामपंचायतीत पावणेदोन लाख रुपये ठरवली होती.

निवडणुकीत पडलेल्या आराखड्याला आणखी एक दार उघडे असते. 2 ऑक्टोबरपासून ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी ग्रामसभा भरतात, त्याआधी महिलांची सभा होते. 2014 च्या महाराष्ट्र पेसा नियमांनुसार स्वतंत्र गाव म्हणून जाहीर झालेल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा भरवता येते आणि 5 टक्के निधीच्या खर्चाला तिची मंजुरी लागते. हरलेली उमेदवारही तिथे मतदार म्हणून बसते आणि यात्राकराचा किंवा पाड्याच्या विहिरीचा ठराव स्वतः मांडू शकते.