न्यूरॉनच्या चित्राचं मोबाईल कव्हर: घेताना काय बघायचं?
मोबाईलच्या पाठीवर झाडाच्या फांद्यांसारखं काळं जाळं छापलेली कव्हर्स तुम्ही पाहिली असतील. ते झाड नाही, ती मेंदूतली पेशी आहे, म्हणजे न्यूरॉन. सूक्ष्मदर्शकातून बघून अशा पेशींची गाजलेली रेखाटनं स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी केली. १९०६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना कामिल्लो गोल्जी यांच्यासोबत मिळालं.

चित्र कितीही आवडलं तरी मी आधी मटेरियल बघतो.

टीपीयू: मऊ असतं, धक्का शोषतं. पारदर्शक असेल तर ऊन-उष्णतेने पिवळं पडतं.

पॉलिकार्बोनेट: कडक असतं, ओरखड्यांपासून वाचवतं. पण धक्का कमी शोषतं.

हायब्रिड: पाठ कडक, कडा मऊ. माझी पसंती यालाच. कडा स्क्रीन आणि कॅमेऱ्यापेक्षा जरा वर आलेल्या हव्यात.

न्यूरॉनच्या रेषा बारीक असतात. छपाई वरच्या वर असेल तर त्या घासून लवकर जातात. पारदर्शक थराखाली असेल तर टिकतात.

आता आपल्या खान्देशचा मुद्दा. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अ‍ॅपल तर आयफोन ३५ अंशांपर्यंतच्याच हवेत वापरायला सांगते. चार्जिंगमध्ये फोन आणखी तापतो, जाड कव्हर ती उष्णता आत अडवतं आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंगला लावताना मी कव्हर काढूनच ठेवतो. तुम्हीही काढा. आणि तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत ओल धरते; सावलीत ठेवा, आपोआप निवतो.