देवळा तालुका

* मूळ मजकुरातील ‘देवळा, तालुका कळवण’ हा उल्लेख १९९९पूर्वीचा असल्याने तसाच ठेवला आहे. नाशिक जिल्हा १८६९मध्ये झाला, तेव्हा बागलाणाकडचा मुलूख खानदेशातून त्यात आला. देवळा स्वतंत्र तालुका झाला तो १९९९मध्ये. त्यासाठी विधिमंडळात वेगळा कायदा करावा लागला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ४खाली राजपत्रातली अधिसूचना पुरते. मतदारसंघाची हद्द मात्र परिसीमन आयोग आखतो, आणि त्याला महसुली शेजाराचे फारसे सोयरसुतक नसते. २००८च्या पुनर्रचनेपासून देवळेकर विधानसभेला चांदवडबरोबर आणि लोकसभेला दिंडोरीत मतदान करतात. मालेगाव लोकसभा मतदारसंघ त्याच फेऱ्यात संपला. जुन्या सातबाऱ्यांवर कळवणचेच नाव आढळेल.