बहिरी संख्या

दोनाचे वर्गमूळ काढायला बसा, दशांशचिन्हापुढचे आकडे संपतच नाहीत. ते पूर्णांकात बसत नाही, अपूर्णांकातही नाही. अशा मुळाला आपल्या शाळेत करणी म्हणतात. मी गणिताचा नव्हे, शब्दांचा माणूस. पण या शब्दाने मला पुष्कळ फिरवले.

शुल्बसूत्रांच्या काळी यज्ञवेदी दोरीने आखत. चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करून देणारी दोरी, म्हणजे त्याचा कर्ण, ती द्विकरणी. ग्रीकांनी अशा राशीला 'अलोगोस' म्हटले : जिला गुणोत्तर नाही ती, आणि जिला वाचा नाही तीही. अरबीत तिची 'असम' झाली. (संस्कृतातला असम वेगळा, हा म्हणजे बहिरा.) बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डसारख्यांनी अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेले, तिथे ती 'सर्डस', पुन्हा बहिरीच, इंग्रजीत 'सर्ड'. उर्दूत 'जज़्रे-असम', म्हणजे बहिरे मूळ. मला दोरीवाले नाव अधिक आवडते. बाकीची नावे तिच्यात काय नाही ते सांगतात, हे ती काय करते ते सांगते.

करण्यांची बेरीज भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणिता'त दिली आहे. दोनाची आणि आठाची करणी मिळवायची. २ आणि ८ मिळून १०. त्यांचा गुणाकार १६, मूळ ४, त्याची दुप्पट ८. दहात आठ मिळवले, १८. अठराची करणी हे उत्तर. आज आपण आठाचे चार गुणिले दोन करतो, चाराचे मूळ दोन बाहेर काढतो. दोनाच्या तीन करण्या होतात. तीनचा वर्ग नऊ आत नेला की पुन्हा अठराच!

अव्यक्त संख्यांना भास्कराचार्य यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक म्हणत. पहिले सोडले तर सारे रंगच. आपले मुळाचे चिन्ह मात्र जर्मनीतले, रुडॉल्फच्या १५२५ च्या पुस्तकातले. मूळ कुठवर लागू आहे ते दाखवणारी वरची आडवी रेघ देकार्तने १६३७ मध्ये जोडली आणि डोक्यावरचे छोटे घातांकही रूढ केले. न्यूटनच्या १६७६ च्या पत्रात वर्गमूळ म्हणजे अर्धा घात, हे लेखन दिसते. मग सगळे सोपे झाले. क्ष धन धरला, तर त्याच्या सहाव्या घाताचे मूळ तिसरा घात. पाचव्याचे अडीच : दोन घात बाहेर, एक क्ष मुळाखाली.

पण क्ष धन नसला तर? उणे पाचाचा वर्ग पंचवीस, आणि मुळाच्या चिन्हाचा संकेत असा, की उत्तर पाच. म्हणून क्षच्या वर्गाचे मूळ लिहिताना क्षच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा. पुष्कळ मुलांचे गुण इथेच जातात. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन मुळे असतात, ऋण संख्येला मूळच नाही, कारण ती कशाचा वर्ग नाही, हे भास्कराचार्यांनी सांगूनच ठेवले होते.

त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. शके ११२८ चा त्याचा शिलालेख संस्कृतात आहे. मठाला कोणी काय द्यायचे, तेवढे मात्र मराठीत कोरले आहे.